आधी दार बघा: नाशिकमधल्या प्रार्थनास्थळांची सुरक्षा, सोप्या भाषेत

देवस्थानच्या विश्वस्तांची बैठक असो, मशिदीच्या कमिटीची असो की चर्चच्या मंडळाची, सुरक्षेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरे किती बसवायचे? कॅमेरा हवाच, पण तो घडून गेलेलं दाखवतो. दार हल्लेखोराला अडवतं, निदान उशीर करतं, आणि वेळ आलीच तर आतल्या माणसांना बाहेर काढतं. म्हणून बैठकीआधी कागद आणि मोजपट्टी घेऊन आपल्या जागेची सगळी दारं एकदा फिरून बघा. प्रत्येक दाराची रुंदी किती, ते आत उघडतं की बाहेर, कुलूप कुठलं आणि किल्ली कुणाकडे, एवढंच लिहा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

दारावर एवढा भर का, हे २०१९ मधल्या दोन घटनांतून कळतं. ९ ऑक्टोबरला जर्मनीतल्या हाले शहरात योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र सणाच्या, दिवशी एक हल्लेखोर बंदुका आणि स्फोटकं घेऊन सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, आला. आत पन्नासच्या वर माणसं प्रार्थनेला बसलेली. दार बंद होतं आणि मजबूत होतं. गोळ्या झाडूनही ते उघडलं नाही आणि आतले सगळे वाचले. हल्लेखोराने मग बाहेर दोघांचा जीव घेतला. त्याच वर्षी १५ मार्चला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी हल्ला झाला, ५१ माणसं गेली. पुढच्या न्यायालयीन चौकशीत एक प्रश्न असाही तपासला गेला, की अल नूर मशिदीतलं आपत्कालीन दार ऐन वेळी आतून उघडलं का नाही.

दोन्ही मिळून दाराची व्याख्या तयार होते. बाहेरून येणाऱ्यासाठी ते एका माणसाला काही सेकंदांत बंद करता आलं पाहिजे. आतून बाहेर पडणाऱ्यासाठी ते किल्ली न शोधता, अंधारात, नुसत्या ढकलण्याने उघडलं पाहिजे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. पुढचं दार बंद करायचं तर अडसर माळ्यावर ठेवलेला, आणि मागच्या दाराला दानपेटीच्या चोरीच्या भीतीने बारा महिने कुलूप. त्याची किल्ली पुजाऱ्यांकडे, मुअज्जिनकडे किंवा सेक्रेटरींकडे, आणि ते त्या वेळी घरी जेवायला गेलेले. उपाय सोपा आहे. मागच्या दाराला आतून ढकलायची आडवी दांडी बसवा, जिला पॅनिक बार म्हणतात. सिनेमागृहांच्या दारांना ती असते. बाहेरून दार बंदच राहतं, त्यामुळे चोराची सोय होत नाही. दार उघडताच वाजणारी साधी घंटा जोडली की चोरीची उरलीसुरली काळजीही मिटते.

गर्दी जमणाऱ्या इमारतींसाठी राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान २ मीटर सांगितली आहे, आणि अशी दारं बाहेरच्या बाजूला उघडावीत अशी अपेक्षा आहे. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या इमारतींना हे जमणार नाही. तिथली दारं आत उघडणारी, उंबरे उंच, दिंडी दरवाजे अरुंद, आणि वास्तू जुनी असल्याने तोडफोड करणं योग्यही नाही. अशा ठिकाणी गर्दीच्या वेळात दोन्ही फळ्या पूर्ण उघडून भिंतीला हुकाने अडकवा, उंबऱ्यावर पिवळा पट्टा मारा, वर बॅटरीवर चालणारा दिवा लावा, आणि एक सेवेकरी फक्त त्या दारापाशी उभा करा. त्याला दुसरं काम द्यायचं नाही, प्रसाद वाटपाचंही नाही.

किती माणसं, किती मिनिटं

हा हिशेब प्रत्येक विश्वस्ताला यायला हवा. समजा सभामंडप १२ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर. खांब, रेलिंग, दानपेट्या, चौरंग वजा केले की उरले ९०. उभ्या गर्दीची वरची मर्यादा चौरस मीटरला ४ माणसं, म्हणजे ३६०. पाचाच्या वर गेलं की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही, आणि सहा-सातला गर्दी पाण्यासारखी हेलकावे घेते. त्यात उभ्या उभ्या माणसं गुदमरतात.

आता बाहेर पडणं. सपाट वाटेवर १ मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसं जातात, जिन्यावर त्याहून कमी. दार १.२ मीटरचं असेल तर मिनिटाला ९६. ३६० माणसांना जवळजवळ ४ मिनिटं. पण हे तरुण, अनवाणी न घसरणाऱ्या, उंबरा नसलेल्या दारातून जाणाऱ्या माणसांचं गणित झालं. म्हातारी माणसं, कडेवर पोरं, अभिषेकाच्या पाण्याने ओली फरशी धरली तर ८ मिनिटं धरा. तेवढंच दुसरं दार उघडं असेल तर ४. दुसऱ्या दाराची किंमत ही अशी मिनिटांत मोजायची असते.

चपला हा या हिशेबातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. देऊळ, मशीद, गुरुद्वारा, विहार, सगळीकडे चपला दाराच्या तोंडाशी साचतात. पळणारा माणूस त्यांवर अडखळतो, आणि त्याहून वाईट म्हणजे थांबून स्वतःचा जोड शोधतो. मागचे त्याच्यावर येऊन आदळतात. चपलांची जागा दारापासून निदान ५ मीटर बाजूला, बाहेर पडायच्या वाटेच्या पलीकडे हवी.

नाशिककरांना हे आकडे पटवून द्यावे लागत नाहीत. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. तिथे बॉम्ब नव्हता, हल्लेखोर नव्हता. ऑगस्ट २००८ मध्ये हिमाचलातल्या नैनादेवीला दरड कोसळल्याच्या नुसत्या अफवेने शंभराहून जास्त माणसं चिरडली गेली. हिंसक गटांना हे माहीत असतं. गर्दीच्या जागी स्फोट लहान असला तरी पळापळ मोठी होते. म्हणून हल्ल्यापासूनचं संरक्षण आणि गर्दीचं नियोजन ही दोन कामं वेगळी धरू नका. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी शहराची तयारी चालू असताना रामकुंड आणि पंचवटीच्या आसपासच्या प्रत्येक लहान देवळानेही आपला हा हिशेब करून ठेवायला हवा, कारण मुख्य रस्ता तुंबला की लोंढा गल्लीबोळांतून याच देवळांच्या अंगणात उतरतो.

फाटकाबाहेर

आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी शुक्रवारच्या नमाजानंतर, शब-ए-बारातच्या दिवशी, हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले. स्फोटकं सायकलींवर होती. २९ सप्टेंबर २००८ रोजी, रमजानमध्ये, भिक्कू चौकात मोटारसायकलवर ठेवलेल्या बॉम्बने ६ माणसं मारली. सायकल आणि मोटारसायकल. दोन्हींकडे आपण ढुंकूनही बघत नाही.

म्हणून प्रार्थनेच्या वेळेत दाराला लागून दुचाकी उभी राहू द्यायची नाही. अंतर जितकं जास्त तितकं बरं, कारण स्फोटाचा दाब अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो. जागा असेल तर ३० मीटर ठेवा. जुन्या नाशकात १० मीटरही मिळणार नाहीत, तिथे निदान नियमित येणाऱ्यांच्या गाड्यांना रंगीत पासाची चिठ्ठी द्या. बिनचिठ्ठीची, दोन-तीन तास न हललेली गाडी मग आपोआप नजरेत येते. हार-फुलं, नारळ, अगरबत्ती विकणारे दिवसभर तिथेच बसतात. रस्त्यावर नवीन काय आलं हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्यांना सुरक्षेच्या बैठकीला बोलवा, चहा द्या, आणि कुणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये भरून द्या.

चारचाकी गर्दीत घुसू नये म्हणून खांब लावायचे असतील तर दोन खांबांमधली मोकळी जागा १.२ मीटरपेक्षा जास्त नको. त्यातून व्हीलचेअर आरामात जाते, गाडी जात नाही. पाया खोल हवा. नुसत्या सिमेंटच्या कुंड्या रस्त्यावर ठेवल्या तर वेगातली गाडी त्या ढकलत घेऊन येते, आणि कुंडीच माणसांवर जाते.

रांग कुठे उभी राहते हेही बघा. धातुशोधक चौकट फाटकात बसवली की आतली जागा सुरक्षित होते, पण तपासणीसाठी थांबलेली दीडशे माणसं रस्त्यावर उघडी पडतात. चौकट आणल्यावर एकदा घड्याळ लावून मोजा, १० मिनिटांत किती माणसं पार होतात. सणाच्या दिवशी त्या वेळात येणारी माणसं त्याहून जास्त असतील तर दुसरी चौकट हवी किंवा पिशव्या नसलेल्यांची वेगळी रांग हवी. चौकट लोखंडी रेलिंगला किंवा हलत्या फाटकाला खेटून बसवली की ती उगाच वाजत राहते. मग वैतागून कुणीतरी तिची संवेदनशीलता कमी करतो, आणि ती नुसती शोभेची कमान होते. रोज सकाळी एखादी ठरलेली लोखंडी वस्तू अंगावर ठेवून तीनदा पार व्हा: घोट्यापाशी, कमरेपाशी, खांद्यापाशी. तिन्ही वेळा वाजली तरच ती चालू आहे.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात

२ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) वेगाने नोंद करतो, म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. असे ८ कॅमेरे आणि ३० दिवस धरले की ५.२ टीबी होतात. प्रत्यक्षात दुकानदार २ टीबीची डिस्क देतो आणि अकरा-बारा दिवसांनी जुनं चित्रण पुसलं जातं. रेकी, म्हणजे हल्लेखोराने आधी येऊन केलेली पाहणी, मात्र हल्ल्याच्या कितीतरी दिवस आधी झालेली असू शकते. ६ टीबी घ्या. फाटकावरचा एक कॅमेरा चेहऱ्यासाठी ठेवा, सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीवर, आत येणाऱ्याच्या समोर. वर छताला लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या आणि केस दिसतात. पूर्वेकडे दार असेल तर सकाळच्या उन्हात चेहरे काळे पडतात, तेव्हा सकाळी सातचं चित्रण मुद्दाम बघून मगच कॅमेरा पक्का करा. घड्याळ बरोबर आहे का, हे महिन्यातून एकदा.

माणसं

सर्वांत उपयोगी यंत्रणा म्हणजे दारात उभं राहून प्रत्येकाला नमस्कार, सलाम, सत श्री अकाल, जय भीम करणारा माणूस. ज्याचा हेतू साफ आहे त्याला बरं वाटतं. ज्याचा नाही त्याला कळतं, की आपल्याला कुणीतरी पाहिलं आहे. "या, कुठून आलात? दर्शनाला का?" एवढा साधा प्रश्न. उत्तर गडबडीचं आलं तर लक्ष ठेवायचं.

लक्ष कशावर ठेवायचं, हे मात्र नीट समजून घ्या. वागण्यावर. मूर्ती किंवा कमान सोडून कॅमेरे, कुलपं, मागची वाट यांचे फोटो काढणारा, पहारा कधी बदलतो विचारणारा, भर उन्हात जाड कोट घातलेला, पिशवी ठेवून निघून जाणारा. नावावर, दाढीवर, टिळ्यावर, बुरख्यावर, जातीवर नाही. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण हे कामाच्या दृष्टीनेही चुकतं. आपल्यासारखा दिसतो म्हणून ज्याला सोडलं, त्याच फटीतून हल्लेखोर येतो. नाशिकमध्ये दाराला आणखी एक इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रह सुरू झाला, कारण ते दरवाजे माणसांना जन्मावरून अडवत होते. ज्या शहराने हे पाहिलं, तिथे सुरक्षेच्या नावाखाली पुन्हा जन्म विचारणारा पहारेकरी उभा करायचा नसतो.

झडती घ्यायची तर बाईची बाईनेच, आडोशाला. पगडीला हात लावायचा नाही, हातातलं धातुशोधक यंत्र जवळून फिरवा. शीख भाविकाच्या कृपाणाला धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम १९८८ मध्येच सूट आहे, तशीच परंपरेने विधीत वापरल्या जाणाऱ्या शस्त्रांनाही. त्या बाहेर प्रार्थनास्थळात शस्त्र किंवा दारूगोळा आणणं, साठवणं याला हाच कायदा मनाई करतो. 'आपल्या पोरांचं पथक उभं करू, लाठ्या-तलवारी ठेवू' असा प्रस्ताव बैठकीत आला तर तो तिथेच थांबवा. पहारेकरी नेमायचा तर परवाना असलेल्या संस्थेचा नेमा.

बेवारस पिशवी दिसली की तीन प्रश्न विचारा. ती मुद्दाम लपवली आहे का? तिच्यात उघड संशय घेण्यासारखं, म्हणजे वायर, बॅटरी, विचित्र वास, असं काही आहे का? आणि अशी पिशवी इथे नेहमी दिसते का? देवळाच्या ओट्यावर नारळाची पिशवी विसरणं रोजचं आहे. ध्वनिक्षेपकावरून दोनदा विचारा. तरीही धनी सापडला नाही आणि वरच्या प्रश्नांची उत्तरं खटकली, तर हात लावायचा नाही, हलवायची नाही, पाणी ओतायचं नाही. तिच्यापासून १५ मीटरच्या आत मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायची नाही. लांब जाऊन ११२ ला फोन. ते बॉम्ब शोधक व नाशक पथकाला कळवतात. लहान पिशवी असेल तर माणसं १०० मीटर लांब न्या, मोटार असेल तर २०० मीटर, ट्रक किंवा टेम्पो असेल तर ४००. मोकळ्या मैदानापेक्षा पक्क्या भिंतीआड, काचांपासून दूर. निर्माल्याचे कलश आणि कचऱ्याचे डबे बंद झाकणाचे ठेवू नका. लोखंडी कड्याला पारदर्शक पिशवी लावली की आतलं दिसतं.

काचेचं एक विसरलं जातं. स्फोटात पुष्कळ माणसं उडणाऱ्या काचांनी जखमी होतात. ज्या चर्चमध्ये किंवा सभागृहात मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत, तिथे आतून जाड सुरक्षा फिल्म लावा, आणि ती चौकटीच्या कडेला पक्की बांधून घ्या. नुसती मध्ये चिकटवली तर अख्खी काच चादरीसारखी आत येते.

धमकी, अफवा आणि शेजार

धमकीचा फोन आला तर तो कापू नका. बोलत राहा, शब्द जसेच्या तसे लिहा, मागचे आवाज लिहा, वेळ लिहा. ईमेल किंवा मेसेज पुसू नका, आणि तो आपल्या ग्रुपवर टाकू नका. पोलिसांना दिल्याशिवाय एकालाही पाठवायचा नाही.

प्रार्थनास्थळावर हल्ला करणाऱ्याला आतल्या पन्नास माणसांपेक्षा बाहेरची पन्नास हजार माणसं हवी असतात. ती एकमेकांवर धावून गेली की त्याचं काम झालं. म्हणून पहिल्या तासात 'कुणी केलं' याचा अंदाज बांधणं हाच सर्वांत मोठा धोका. मालेगाव पुन्हा आठवा. २००६ च्या स्फोटांनंतर ज्या नऊ मुस्लिम तरुणांना धरलं, त्यांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केलं. २००८ च्या खटल्यात ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. तपास यंत्रणांना वर्षानुवर्षं जे सिद्ध करता आलं नाही, ते व्हॉट्सअॅपवर अर्ध्या तासात ठरवणारे आपण कोण?

अफवा रोखण्याचं काम घटनेच्या आधी करावं लागतं. भिवंडी १९७० आणि १९८४ मध्ये दंगलीत होरपळली होती. तिथे १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसह नियमित बसून नळ, भांडणं, भाडं असले विषय सोडवू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नाशिकमध्ये भद्रकालीचं देऊळ, बडी दर्गा, शिंगाडा तलावाजवळचा गुरुद्वारा ही सगळी एकमेकांपासून फार लांब नाहीत. अशा शेजारी प्रार्थनास्थळांनी प्रत्येकी दोन माणसांची नावं एकमेकांना द्यावीत, आणि एक निवेदन आधीच लिहून ठेवावं: काय घडलं एवढंच, कोणावर आरोप नाही, जखमींसाठी रक्त कुठे द्यायचं, खरी माहिती कुठे मिळेल. घटना घडली की फक्त तारीख आणि ठिकाण भरायचं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी वाचायचं.

आपल्याच गावकीतला, जमातीतला एखादा पोरगा अचानक जुने मित्र तोडतो, दुसऱ्या धर्माच्या माणसांना किडे-मुंग्या म्हणू लागतो, हल्लेखोरांचे व्हिडिओ कौतुकाने दाखवतो, असं दिसलं तर गुरुजी, मौलाना, फादर, भन्ते यांच्यापैकी ज्याचं तो ऐकतो त्याने आधी जवळ बसवावं. शिव्या देऊन हाकलला तर तो सरळ त्याच टोळक्याकडे जातो. शस्त्रं, जागा किंवा तारीख यांची भाषा सुरू झाली असेल तर मात्र थांबायचं नाही, पोलिसांना कळवायचं. त्याच्याही जिवासाठी.

पहिली दहा मिनिटं आणि सराव

हातापायातून जोराचा रक्तस्राव होत असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, आणि १०८ ची गाडी पंचवटीच्या गर्दीतून तेवढ्यात पोचेलच असं नाही. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी पूर्ण वजन टाकून दाबा. तरीही थांबत नसेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, चार बोटं अंतरावर ४-५ सेंटिमीटर रुंद पट्टा बांधा, त्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा, आणि वेळ कपाळावर पेनने लिहा. गुडघ्यावर, कोपरावर बांधायचा नाही. दोरी किंवा तार नको, ती मांस कापते. एकदा बांधलेला पट्टा डॉक्टरांशिवाय कुणी सोडायचा नाही. दर २०० माणसांमागे असे दोन पट्टे, सहा मोठे गॉज रोल, कात्री आणि हातमोजे एका लाल डब्यात ठेवा. डबा दाराजवळ, कुलूप न लावता.

सराव वर्षातून दोनदा घ्या, रामनवमीच्या आधी, रमजानच्या आधी, किंवा नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेच्या आधी, जो आपला मोठा दिवस असेल त्याच्या महिनाभर आधी. साधा दिवस निवडा आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा. ध्वनिक्षेपकावरून एकच ठरलेलं वाक्य बोला, शांत आवाजात: "सर्वांनी जवळच्या दाराने बाहेर पडावं, चपला घेऊ नयेत." 'बॉम्ब' हा शब्द कधीच नाही. एक माणूस घड्याळ घेऊन उभा राहील, एक प्रत्येक दारातून किती बाहेर पडले ते मोजेल, एक फक्त म्हाताऱ्यांकडे आणि व्हीलचेअरवाल्यांकडे बघेल. पहिल्या सरावात बहुतेक सगळे ज्या दाराने आत आले त्याच दाराने बाहेर पडतात, मागचं दार मोकळंच राहतं. यावर उपाय म्हणजे रोजच्या प्रार्थनेनंतर, आठवड्यातून एक दिवस, सगळ्यांनी मुद्दाम मागच्या दाराने घरी जायचं.